टीम बंद झाली म्हणजे खेळ हरला का? कॉलिंगवुडच्या शेवटच्या सीझनवरून

पिवळी शिट्टी (रामबाग)

राजवाडाकर, तुमच्या कालच्या पोस्टने मला झोप येऊ दिली नाही. "मेलबर्नच्या कॉलिंगवुड मॅगपाइज या फुटबॉल क्लबने २०२३ मध्ये आपल्या नेटबॉल टीमचा गाशा गुंडाळला, यावरून शिका. बायकांचे खेळ दानधर्मावर चालतात, बाजारात टिकत नाहीत. आणि नेटबॉल म्हणजे ज्यांना ड्रिबल जमत नाही त्यांचा बास्केटबॉल." हे तुमचेच शब्द. उत्तर लांबणार आहे, पण पूर्ण वाचा.

आधी ड्रिबलचं. ड्रिबल नाही म्हणूनच हा खेळ कठीण. बॉल हातात आला की तीन सेकंद मिळतात. उतरताना जो पाय आधी टेकला, तो उचलून परत टेकायच्या आत बॉल सुटला पाहिजे. समोरची तीन फुटांवर हात ताणून उभी असते. गोल करायचा तर दहा फुटांवर नुसती कडी, मागे बोर्ड नाही. मी बावीस वर्षं इंदुरात शाळेच्या मुलींना हे शिकवलं आहे. बास्केटबॉलमधून आलेली मुलगी पहिले पंधरा दिवस बॉल पकडून सवयीने दोन पावलं पुढे जाते. शिट्टी. परत जाते, परत शिट्टी. रडकुंडीला येते. मग एके दिवशी ती हवेत असतानाच मान वळवते, कारण उतरायच्या आधी पास कुणाला द्यायचा ते तिला ठरवायचं असतं. त्या दिवशी ती नेटबॉलची झाली.

आता कॉलिंगवुड. २०१७ मध्ये सुपर नेटबॉल ही ऑस्ट्रेलियातली बायकांची लीग सुरू झाली तेव्हा आठपैकी तीन टीम नव्या होत्या, त्यातली ही एक. सात सीझनमध्ये ग्रँड फायनल एकदाही गाठली नाही, मान्य. पण २०२३ चा सीझन चालू असताना क्लबने जाहीर केलं की यापुढे आमची टीम नाही. जेवा मेंटर, म्हणजे २०१८ ला इंग्लंडकडून कॉमनवेल्थचं सुवर्ण जिंकलेली खेळाडू, आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या जणी उरलेल्या मॅचेस हे डोक्यावर घेऊन खेळल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला त्याच क्लबच्या पुरुषांनी मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर १,००,०२४ लोकांसमोर ब्रिस्बेनला चार पॉइंटांनी हरवून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं विजेतेपद घेतलं. १८९२ चा क्लब आहे. पैसे नव्हते असं मला कुणी सांगू नये.

राजवाडाकर

ताई, तुमचा मान ठेवून सांगतो. माझं क्लॉथ मार्केटमध्ये दुकान आहे. सात वर्षं जो माल उठत नाही तो मी आठव्या वर्षी भरत नाही, आणि त्याबद्दल मला कुणी कपड्याचा वैरी म्हणत नाही. तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. त्याच कॉलिंगवुडने बायकांची फुटबॉल टीम ठेवली. म्हणजे बायकांवर राग नव्हता, नेटबॉलचा हिशेब बसत नव्हता.

आणि दानधर्म शब्द झोंबला असेल तर २०२२ आठवा. हँकॉक प्रॉस्पेक्टिंग ही खाणकंपनी तिकडच्या नेटबॉलला दीड कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला तयार होती. राष्ट्रीय टीमच्या मुलींनी त्या कंपनीचं नाव अंगावर घालायला का-कू केली, कंपनीने हात काढून घेतला. घरात दाणा नाही आणि देणाऱ्याची परीक्षा घेता?

यारानदी (मूळची स्नेहलतागंजची, आता मेलबर्न)

हे अर्धवट सांगू नका. त्या कंपनीच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी १९८४ मध्ये टीव्हीवर इथल्या आदिवासींबद्दल जे सांगितलं ते इथे लिहायचीही मला लाज वाटते. टीममध्ये डॉनेल वॉलम ही आदिवासी मुलगी नव्याने आली होती. तिने ते नाव छातीवर घेऊन का खेळावं? बाकीच्या तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कंपनीने हात काढला, पुढच्या काही दिवसांत वॉलम इंग्लंडविरुद्ध पहिली मॅच खेळली आणि विजयाचा गोल तिनेच मारला. तेवढीच रक्कम घेऊन व्हिजिट व्हिक्टोरिया, म्हणजे इथल्या राज्याची पर्यटन संस्था, पुढे आली. तुमचा बाजार तोच ना, राजवाडाकर? गिऱ्हाईक मिळालं की.

पण पिवळी शिट्टी ताई, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. माझी मुलगी दर शनिवारी नेटबॉल खेळते. तिच्या टीममधल्या अर्ध्या मुलींच्या घरी दुसऱ्या फुटबॉल क्लबची भक्ती. कॉलिंगवुडचा काळा-पांढरा ड्रेस त्यांचे वडील घरात येऊ देणार नाहीत, मग मॅचला कोण जाणार? शिवाय मेलबर्नमध्ये व्हिक्सन्स ही नेटबॉल टीम आधीपासून होती. फुटबॉल क्लबचं नाव लावलं की गर्दी आपोआप येईल, हा अंदाजच चुकला असं मी इथे राहून सांगते. क्लब श्रीमंत आहे म्हणून त्याने टीम पोसावी हे तुमचं म्हणणं राजवाडाकरांच्या दानधर्माच्या फार जवळ जातं.

नाना (जुनी इंदूर)

मला नेटबॉलमधलं कळत नाही. पण टीम बंद करणे म्हणजे काय, ते या गावाला कळतं, म्हणून लिहितो.

होळकर टीम. रणजी चार वेळा जिंकली: १९४५-४६, ४७-४८, ५०-५१, ५२-५३. म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२, एका डावात सहा शतकं. राजवाडाकर, तुमच्या हिशेबाने तीही दानधर्माचीच टीम. पैसा यशवंतराव महाराजांचा, सी. के. नायडूंना हुद्दा होळकरांच्या फौजेत. तिकीटविक्रीवर ती टीम एक वर्ष चालली नसती. मग तो खेळ खोटा होता?

१९५४-५५ ची फायनल इथेच झाली. मद्रासकडून हरलो. मी नऊ वर्षांचा, वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर. परतताना ते एक शब्द बोलले नाहीत, सायकल हातात धरून चालत राहिले, मी दांड्यावर तसाच बसून. त्यानंतर होळकर हे नाव रणजीच्या तक्त्यात आलं नाही.

ग्वाल्हेरची लेक

नाना, नमस्कार. पण टीम बंद कुठे झाली? आधी मध्य भारत झाली, मग मध्य प्रदेश. संस्थानं गेली, नाव बदललं, खेळाडू खेळतच राहिले. २०२२ मध्ये बंगळूरला मुंबईला हरवून रणजी आणलीच की. चंद्रकांत पंडित १९९९ ला त्याच मैदानावर कॅप्टन म्हणून फायनल हरले होते, कोच म्हणून त्यांनी ती जिंकून दाखवली. आम्ही ग्वाल्हेरवालेही नाचलो. होळकर नाव राहिलं असतं तर ती टीम आमची कधी झाली असती का? इंदूरवाल्यांना वाटतं क्रिकेट फक्त त्यांच्याच घरी जन्मलं.

नाना

बेटा, २०२२ ला मीही रडलो. पण तो आनंद वेगळ्या खात्यातला. घर पाडून त्या जागी मोठी इमारत बांधली, आणि मला सांगता, काका, पत्ता तोच आहे.

ग्वाल्हेरची लेक

त्या इमारतीत आम्हाला खोली मिळाली, नाना. आधीच्या घरात नव्हती. हे तुम्ही एकदा तरी म्हणा.

नाना

मिळाली. म्हटलं. पण म्हणून माझ्या वडिलांचं घर पडलं नाही असं होत नाही.

यारानदी

नाना, नेमकं हेच इथे झालं. कॉलिंगवुडच्या जागी २०२४ पासून मेलबर्न मॅव्हरिक्स आली. फुटबॉल क्लबचं नाव नाही, पहिली कोच ट्रेसी नेव्हिल. शहाण्यांनी विचार करून काढलेली टीम. मी मुलीला मॅचला नेते, ती टाळ्या वाजवते. पण अ‍ॅश ब्रेझिलचा फोटो तिने भिंतीवरून काढलेला नाही. कॉलिंगवुडकडून फुटबॉल आणि नेटबॉल दोन्ही खेळलेली बाई.

राजवाडाकर

विषय होळकरांवर गेला, छान वाटलं, पण माझा प्रश्न तसाच आहे. महाराजांनी टीम चालवली तो शौक होता, त्यांचा खजिना होता. आज मुलीचं करिअर कुणाच्या शौकावर टांगायचं का? ताई, स्पष्टच विचारतो. बावीस वर्षांत तुमच्या किती मुली नेटबॉलवर पोट भरतात?

पिवळी शिट्टी

एकही नाही. ऐकायचं होतं ना, घ्या.

कारणही घ्या. एका वर्षी दहा मुली घेऊन मी भोपाळला गेले. पोळ्या घरून, ड्रेसवरची खेळायच्या जागेची अक्षरं रात्री जागून मी स्वतः शिवली, जी.एस., जी.ए., सी. तिसऱ्या आलो. सोमवारी शाळेत ढाल घेऊन गेलो तर कोर्टावर स्कूलबस उभ्या होत्या. चार दिवसांत आखलेल्या रेघांवर ऑइल सांडलेलं. पोल उपटून मुतारीमागे टाकलेले. मला सांगण्यात आलं, मॅडम, पालकांना बस हवी आहे, नेटबॉल कुणी मागत नाही. तुमचीच भाषा, राजवाडाकर. पुढच्या वर्षी पीटीचा तास गणिताला गेला. मुलींनी मागितलं होतं, पण मुलींचं मागणं कुणी मोजलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या नेटबॉल खेळाडूंनी निदान मोजायला लावलं. सप्टेंबर २०२३ अखेर त्यांचे करार संपले, नवा करार होईना. दोन महिन्यांहून जास्त काळ त्या बिनपगारी राहिल्या आणि तरी हटल्या नाहीत. डिसेंबरमध्ये लीगच्या कमाईत वाटा घेऊनच सही केली. हा दानधर्म नाही. कमाई होते म्हणून वाटा मागता येतो. त्याच सीझनची फायनल अ‍ॅडलेड थंडरबर्ड्सनी जादा वेळेत ६०-५९ अशी जिंकली. एका गोलाने! असा खेळ बाजारात चालत नाही म्हणणाऱ्याने ती मॅच एकदा बघावी.

यारानदी, फुटबॉलच्या नावाबद्दल तुझं पटतं. मला ते आवडलेलं नाही, पण पटतं. श्रीमंत क्लबने पोसावं असं मी म्हणायला नको होतं. माझा राग वेगळा आहे. सीझन संपेपर्यंत थांबायचं, मग सांगायचं. मुली कोर्टावर असताना पोल उपटायचे नाहीत.

राजवाडाकर

ताई, भोपाळचं मला माहीत नव्हतं.

माझी मुलगी आठवीपर्यंत खो-खो खेळायची. नववीत मीच बंद करवला, ट्यूशनची वेळ तीच होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं तिलाही नको असेल.

काल रात्री ती फायनल लावली. शेवटची पाच मिनिटं उभ्याने पाहिली. ‘ड्रिबल जमत नाही त्यांचा बास्केटबॉल’ हे वाक्य मागे घेतो. वाट्याच्या कराराचंही ठीक, तो दानधर्म नव्हे. पण हिशेब बसत नसलेली टीम क्लबने का चालवावी, याचं उत्तर तुमच्यापैकी कुणीही दिलेलं नाही, आणि ते मिळेपर्यंत माझं तेवढं म्हणणं मी सोडत नाही.