मानलेल्या आया : तुमचेही अनुभव लिहा

कृष्णाकाठची
काल सांगलीहून काकूंच्या सूनबाईंनी फोटो पाठवला. माळा आवरताना कडीचा स्टीलचा डबा सापडला, बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव : 'चि. मनूस, २००३'. खाली प्रश्न, "ठेवू का मोडीत घालू?"

विश्रामबागला त्यांच्याकडे तीन वर्षं कॉट बेसिसवर होते. लाईटबिलावरून कटकट करायच्या, पण पेपरच्या दिवशी हातावर दही-साखर घातल्याशिवाय फाटक ओलांडू द्यायच्या नाहीत. २००३ ला नोकरी लागली आणि मी घाईघाईत पुण्याला पळाले, पाया पडायलाही थांबले नाही. म्हणजे डबा तेव्हाच आणून ठेवला होता. काकू जाऊन चार वर्षं झाली.

लिहा तुम्हीही.

भडंगप्रेमी
आधी मोडीत घालू नका म्हणून फोन करा!! बाकीचं नंतर.

वाळव्याचा
आमच्यात उलटं. उसाच्या फडावर बीडकडची टोळी यायची. आईबाप पहाटे चारला कोयता घेऊन फडात, दुसरीतलं पोरगं खोपीवर एकटं. आमची आई त्याला शाळेत न्यायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी निघाली, तर हा गोठ्यात वैरणीमागं लपलेला. त्याची आई रडत म्हणाली, "राहू द्या बाई, शिकंल तरी." दहावीपर्यंत राहिला. आता पोलिसात आहे. पहिला पगार दोन आयांना निम्मा निम्मा. आमच्या आईनं परत धाडला, तर तिकडच्या आईनं त्या पैशाचं लुगडं घेऊन पाठवलं.
मी सख्खा. मला फक्त लाटण्याचा मार आठवतोय.

भडंगप्रेमी
@वाळव्याचा 😂😂 पोलिसाशी सांभाळून राव

साताऱ्याची_सून
आमची लेक २०२३ मध्ये आली, अडीच वर्षांची. नोंदणी करून तीन वर्षं वाट बघितली. दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्या सहीच्या दिवशी हिला ताप. पहिले आठ दिवस ती आमच्या उशीवर झोपायचीच नाही, वास घेऊन बाजूला सारायची. शेवटी संस्थेतल्या ताईंना विचारून तिथलाच साबण आणला, अभ्रे त्यात धुतले. त्या रात्री झोपली.
शेजारच्या आजी अजून विचारतात, "खरी आई कुठली गं?" मी म्हणते, सदाशिव पेठेतली. आमच्या साताऱ्यातली हो, पुण्याची नव्हे.

पोवईनाका
@साताऱ्याची_सून साबण वाचून गलबललं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

जुनाजाणता
माझे आजोबा कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातले. साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई, पोरांच्या वहिनी, यांनी पोरांच्या जेवणासाठी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा, हे सगळ्यांना माहीत आहे. १९३० मध्ये त्या गेल्या. आजोबा तेव्हा बारा-तेराचे. पुढं घरात कुणी ताटात भाकरी टाकली की एवढंच म्हणायचे, "वहिनींनी काय विकून घातली होती, माहीत आहे का?" आणि आमची टाकलेली भाकरी स्वतः खायचे.

नाव_नको
सगळंच गोड नसतं. मी जिला आई मानलं तिनं माझ्या लग्नासाठी ठेवायला दिलेले चाळीस हजार स्वतःच्या पोराच्या गाडीत घातले. अजून दिवाळीला फराळ पाठवते. चकल्या चांगल्या असतात, तोच तर त्रास आहे.

मिरजकर
२०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर, आमचं गावभागातलं घर बुडालेलं. मिरजेत एका अनोळखी बाईंकडे नऊ दिवस. माझी आई त्यांना 'वहिनी' म्हणते, मी 'आई'. दोघी मिळून आता माझं लग्न ठरवतायत. धाग्याशी संबंध नाही, पण मुलगी असेल तर कळवा.

भडंगप्रेमी
दोन सासवा??

पोवईनाका
तीन शिट्ट्या झाल्या, आले. @कृष्णाकाठची, डब्याचं काय झालं?

कृष्णाकाठची
रविवारी आणायला जातेय. सूनबाई म्हणाल्या, झाकण लागत नाही, आत जुनी लाईटबिलं भरलीत. माझ्या नावाची पण आहेत.