हेडलाइटची वायरिंग वितळली: गाडीची कोणती कामे घरी करावीत?

आंबाघाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पंधरा वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. कामानिमित्त मला महिन्यातून चार-पाच वेळा साखरप्याहून आंबा घाट चढून कोल्हापूरला जावे लागते आणि परतताना बहुधा रात्र होते. गेली दोन वर्षे हेडलाइटचा उजेड कमी पडतो असे जाणवत होते, म्हणून जूनमध्ये मी मूळचे ६०/५५ वॅटचे (अप्परला ६०, डिपरला ५५) हॅलोजन बल्ब काढून १००/९० वॅटचे बल्ब स्वतः बसवले. पाना लागला नाही, दहा मिनिटांत काम झाले आणि उजेडही वाढला. आठवड्याभरात अप्पर लावलेला असताना हेडलाइटचा १५ अँपिअरचा फ्यूज दोनदा गेला. तेव्हा दुकानातून ३० अँपिअरचा फ्यूज आणून तो लावला आणि प्रश्न मिटला असे मी समजलो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घाट उतरत असताना, धुके आणि पाऊस दोन्ही असताना, स्टिअरिंगच्या बाजूने प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि दोन्ही हेडलाइट एकाच क्षणी विझले. सोबत पत्नी आणि सात वर्षांचा मुलगा होता. डोंगराच्या बाजूला गाडी घेऊन, चारही इंडिकेटर चालू करून थांबलो. मागून आलेल्या एका टेम्पोचालकाने साखरप्यापर्यंत स्वतःच्या दिव्याच्या उजेडात आम्हांला आणून सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर अप्पर-डिपरचा स्विच आतून वितळला होता, डाव्या बल्बच्या मागचा कनेक्टर काळा पडला होता आणि तारांचे आवरण चिकटून एक झाले होते.

मला गाडीची लहानसहान कामे स्वतः करायला मनापासून आवडतात आणि ती सोडून देण्याची इच्छा नाही. पण त्या रात्रीनंतर कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे ठरवण्याचा माझा आत्मविश्वास गेला आहे. माझी चूक नेमकी कोठे झाली? गाडीच्या पुढच्या बाजूला स्टीलचा गार्ड बसवून त्यावर दोन जादा दिवे लावण्याचा विचार होता, तो करावा का? ज्यांनी स्वतः चुका करून काही शिकले असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वीजतंत्री

मी बरीच वर्षे वाहनांच्या वायरिंगचे काम करतो. तुमची सर्वांत गंभीर चूक फ्यूजची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तारेची जाडी जेवढा प्रवाह सहन करू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळावा अशी ती योजना असते. दोन बल्बांचे मिळून १२० वॅट होते तेव्हा १२ व्होल्टच्या हिशेबाने अप्परला सुमारे १० अँपिअर प्रवाह लागत होता. २०० वॅट झाल्यावर तो सुमारे १७ अँपिअर झाला. तारेत आणि स्विचच्या संपर्कबिंदूंवर निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह पावणेदोन पटींच्या आत वाढला तरी उष्णता जवळजवळ पावणेतीनपट झाली. १५ चा फ्यूज दोनदा जाऊन हेच सांगत होता. ३० चा लावल्यावर साखळीतला सर्वांत कच्चा दुवा फ्यूज राहिला नाही, तुमचा स्विच झाला.

आता मूळ प्रश्न असा की उजेड कमी का पडत होता. हॅलोजनसारख्या तापतारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजशी सरळ प्रमाणात बदलत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळत असतील आणि बल्बपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांतले दोन व्होल्ट गंजलेल्या जोडांत आणि जुन्या स्विचमध्ये खर्च होत असतील, तर बल्ब मंद दिसणारच. अशा वाटेवर मोठा बल्ब लावला की प्रवाह वाढतो आणि वाटेत होणारी व्होल्टेजची घटही वाढते. कोकणातल्या गाड्यांत बॉडीला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असणे ही मी वारंवार पाहिलेली गोष्ट आहे.

तपासणी सोपी आहे आणि ती तुम्ही घरी अवश्य करावी. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना, एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे बल्बच्या धन पिनवर लावा. तसेच बल्बची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यामध्ये मोजा. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष त्या बाजूला आहे. बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच हे मोजावे लागते. बल्ब काढून मोजले तर प्रवाह वाहत नसल्यामुळे सर्व काही ठीक असल्याचा भास होतो.

जळालेला स्विच आणि कनेक्टर बदलून घ्या, बल्ब पुन्हा ६०/५५ वॅटचेच लावा आणि शक्य असल्यास अप्पर व डिपरसाठी स्वतंत्र रिले (स्विचच्या लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे उपकरण) बसवून घ्या. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिनांमधून स्विचचा प्रवाह जातो, तो अर्ध्या अँपिअरच्याही आत असतो; बल्बचा सगळा प्रवाह ३० आणि ८७ या पिनांमधून थेट बॅटरीकडून येतो. या नव्या तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, कारण फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोठे बॉडीला घासला तर त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाला अडवणारे काहीच नसते.

गोदाकाठ

आमच्या घरी झालेली चूक वायरिंगची नव्हती, पण तिची जातकुळी तीच आहे म्हणून लिहिते. माझे वडील नाशिकला असतात आणि निवृत्तीनंतर गाडीचे सर्व किरकोळ काम स्वतः करतात. ब्रेकच्या टाकीतली पातळी खाली गेल्याचे पाहून त्यांनी घरात असलेले पॉवर स्टिअरिंगचे तेल त्यात ओतले. आपण सगळे त्या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, आणि ऑइल ते ऑइल असे त्यांना वाटणे या शब्दामुळे अगदी स्वाभाविक होते. डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेला ब्रेकचा द्रव ग्लायकॉलच्या कुळातला असतो आणि ब्रेकमधली रबराची सीले त्यालाच सोसतील अशी बनवलेली असतात. खनिज तेल लागले की ती फुगतात.

सुरुवातीला काहीच जाणवले नाही, आणि मला अजूनही सर्वांत भयंकर वाटते ते हेच. तीन आठवड्यांनी पेडल कडक लागू लागले, पाय काढल्यावरही ब्रेक पूर्ण सुटेनासे झाले आणि पुढची चाके हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. शेवटी मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब द्रवाला देणारा भाग), चारही चाकांकडची सीले आणि रबरी नळ्या बदलाव्या लागल्या, कारण तेल एकदा आत पसरले की नुसते धुऊन भागत नाही. बाबांना खर्चाचे दुःख नव्हते. त्याच तीन आठवड्यांत ते नातवंडांना घेऊन कसारा घाटातून मुंबईला जाऊन आले होते, याचे होते.

तुम्ही घाटात गाडी चालवता म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. हा द्रव हवेतले बाष्प शोषून घेतो. ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरल्यावर त्याच द्रवासाठी किमान मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापले आणि द्रव उकळला, तर आत वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. म्हणून उघडून ठेवलेली जुनी बाटली कधीही वापरू नये. टाकीतली पातळी खाली गेली असेल तर द्रव ओतण्याआधी ब्रेक पॅड झिजले आहेत का किंवा कोठे गळती आहे का, हे पाहावे. बंद यंत्रणेतला द्रव आपोआप संपत नाही.

जुना निदेशक, सांगली

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम मी अनेक वर्षे शिकवला. घरी काय करावे हे ठरवताना काम सोपे आहे की अवघड, असा विचार बहुतेक जण करतात. बल्ब बदलणे आणि द्रव ओतणे ही दोन्ही कामे सोपीच होती. मी विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारायला सांगत असे: चूक झाली तर ती गाडी दारात उभी असताना कळेल, की रस्त्यावर धावत असताना? एअर फिल्टर चुकीचा बसला, वायपरचे रबर निघाले, बॅटरीचे टर्मिनल ढिले राहिले, तर ते बहुधा दारातच कळते. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंधनाची नळी आणि प्रवाह वाढवणारी कोणतीही वायरिंग यांतली चूक मात्र दिवसेंदिवस लपून राहते. ही कामे जाणकाराला शेजारी बसवून शिकावीत, एकट्याने करू नयेत.

इंजिन ऑइल बदलणे या दोहोंच्या मधले काम आहे, आणि त्यात मी दोन चुका सतत पाहिल्या. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, बोल्ट गळू नये म्हणून लोक लांब पान्याने अंगाचा जोर लावून आवळतात आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. गळती थांबवण्याचे काम वायसर करतो, जोर नव्हे. वायसर दरवेळी नवा घ्यावा आणि बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवून मगच पान्याला हात घालावा. दुसरी चूक म्हणजे जुन्या ऑइल फिल्टरचे रबरी रिंगण इंजिनालाच चिकटून राहते, त्यावर नवा फिल्टर बसतो आणि इंजिन सुरू होताच दोन रिंगणांमधून दाबाने तेल बाहेर पडते. फिल्टर काढल्यावर बैठक कापडाने पुसून बोटाने चाचपावी.

जॅकविषयी मी आग्रहाने सांगतो. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. सपाट आणि टणक जमीन, हँडब्रेक, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि बॉडीच्या ठरलेल्या जागी लोखंडी स्टँड, एवढे जमवता येत नसेल तर खाली जाण्याचे काम त्या दिवशी करू नये. विटांचा थर स्टँडच्या जागी मुळीच चालत नाही, कारण वीट वाकत नाही, एकदम फुटते.

परिवहन-वाचक

गार्डविषयी थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड कलम ५२ चा भंग करतात असे राज्यांना कळवले होते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, टक्कर झाल्यावर चुरगळून आघात शोषून घेण्यासाठी बनवलेल्या भागासमोर ताठ लोखंड उभे केले तर तो आघात आत बसलेल्यांकडे आणि समोरच्या पादचाऱ्याकडे जातो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा संकेतही बदलू शकतो. हा विचार सोडावा अशी विनंती आहे.

आंबाघाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्विच आणि कनेक्टर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतले, ६०/५५ वॅटचे बल्ब आणि १५ चा फ्यूज परत लावला आणि रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बवर फक्त ११.६. गेलेल्या २.३ व्होल्टपैकी १.५ एकट्या अर्थिंगच्या बाजूला होते. डाव्या हेडलाइटमागचा बोल्ट काढला तर खाली गंजाचा जाड थर होता. बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून तो पॉलिश कागदाने लखलखीत घासला, नवा वायसर घातला आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. आता बल्बवर १३ व्होल्ट मिळतात आणि जुन्याच वॅटच्या बल्बचा उजेड पाहून माझा विश्वास बसला नाही. इतकी वर्षे दोष एका बोल्टखाली होता. रिलेचे काम पुढच्या महिन्यात जाणकाराच्या हातून, पण स्वतः शेजारी बसून करून घेणार आहे आणि गार्डचा विचार सोडला आहे.

एकच शंका उरली. हेडलाइट खोलून बसवल्यामुळे समोरच्या गाड्या आता मला वारंवार डिपर देतात. झोत वर गेला असेल का?

वीजतंत्री

बहुधा तसेच झाले आहे. टायरांत नेमून दिलेली हवा भरा, चालकाच्या जागी एकाला बसवा आणि सपाट जागी भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी आणि तिचा चढ डावीकडे, म्हणजे आपल्या बाजूच्या कडेकडे असावा. हेडलाइटच्या मागच्या स्क्रूने एका वेळी एकच दिवा जुळवा आणि तोवर दुसऱ्यावर जाड कापड न टाकता पुठ्ठा धरा, कारण हॅलोजनची काच फार तापते.