महिलांच्या लांब पल्ल्याच्या हंगामात १०,००० मीटरची शर्यत का नसावी?

रिंकवरची आई (सहकारनगर):

बर्फावरील स्पीड स्केटिंगच्या विश्वचषक मालिकेत लांब पल्ल्याचा हंगामी करंडक महिलांना ३,००० आणि ५,००० मीटरच्या एकत्रित गुणांवर मिळतो, तर पुरुषांना ५,००० आणि १०,००० मीटरच्या गुणांवर. बहुतेक टप्प्यांवर महिलांच्या वाट्याला ३,००० मीटरच येते, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या आणि जेमतेम चार मिनिटे. याला लांब पल्ला म्हणणे मला पटत नाही. महिलांच्या प्रत्येक हंगामात निदान एक १०,००० मीटरची शर्यत असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

माझी मुलगी सहा वर्षांपासून चाकांवर स्केटिंग करते. पहाटे साडेपाचला रिंकवर पोचायचे, बूट घासून घोट्याच्या हाडावर फोड येतो तिथे चिकटपट्टी लावायची आणि कठड्याला टेकून फेऱ्या मोजायच्या, हा माझा नित्यक्रम झाला आहे. २०० मीटरच्या ट्रॅकवर १०,००० मीटर म्हणजे ५० फेऱ्या. चाळिसावी फेरी ओलांडली की पाठ नकळत वर येऊ लागते, गुडघे सरळ होऊ पाहतात, आणि तरीही प्रत्येक वळणावर उजवा पाय डाव्यावरून ओलांडून टाकावाच लागतो. आपल्या मुली हे करतात. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, २०२३ मध्ये, चाकांवरची १०,००० मीटरची शर्यत पुरुष आणि महिला दोघांसाठीही होती. त्याच स्पर्धेत ३,००० मीटर रिलेमध्ये भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवले. चाकांच्या जागी पाते आले की हेच अंतर स्त्रियांसाठी वर्ज्य का व्हावे?

झेपण्याचा प्रश्न तर केव्हाच निकाली निघाला आहे. चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिना साब्लिकोवाने ११ मार्च २००७ रोजी सॉल्ट लेक सिटीत ५,००० मीटर ६ मिनिटे ४५.६१ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला आणि चारच दिवसांनी कॅलगरीत १०,००० मीटर १३ मिनिटे ४८.३३ सेकंदांत पूर्ण केले. सरासरी काढली तर पहिल्या शर्यतीत फेरीला सुमारे ३२.४ सेकंद लागले आणि दुसऱ्या शर्यतीत ३३.१. अंतर दुप्पट झाले, पण फेरी पाऊण सेकंदानेही लांबली नाही. तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती.

वेळनोंद:

ताई, आपल्या लेकीच्या मेहनतीविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. रोलर स्पर्धांमध्ये अनेक वर्षे घड्याळ सांभाळले असल्यामुळे दोन्ही शर्यतींमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. चाकांवरची १०,००० मीटरची शर्यत घोळक्याची असते. पुढच्या मुलीच्या पाठीमागे राहिले की वारा अडतो आणि दम वाचवता येतो. बर्फावर दोघी-दोघी उतरतात, प्रत्येकीची मार्गिका वेगळी आणि लढत घड्याळाशी. मार्गिका बदलताना क्षणभर मिळाला तर तेवढाच आडोसा, एरवी सगळा वारा अंगावर. त्यामुळे एका शर्यतीवरून दुसरीचे प्रमाण काढता येत नाही.

साब्लिकोवासारखी खेळाडू एका पिढीत एखादीच निपजते. नियम तिच्याकडे पाहून करायचे, की जेमतेम पात्र ठरणाऱ्या खेळाडूकडे पाहून?

शिवाय ३,००० मीटरला आपण उगाच कमी लेखता. व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिम्पिकमध्ये ३,००० आणि ५,००० मीटर या दोन्ही अंतरांचे सुवर्ण साब्लिकोवाने जिंकले आणि दोन्ही वेळा जर्मनीची स्टेफनी बेकर्ट दुसरी आली. ३,००० मीटरमध्ये दोघींत २.०९ सेकंदांचे अंतर होते, ५,००० मध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी. खेळाडूंचा कस लांब अंतरातच लागतो हे गृहीतकच इथे उलटे पडते. या साडेसात फेऱ्यांत पहिल्या दोन फेऱ्यांची चूक सुधारायला जागा उरत नाही. म्हणूनच मला ती सगळ्यांत निर्दय शर्यत वाटते.

आणि वेळापत्रकाचे काय? १२ जणी उतरल्या तर सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला १४ मिनिटे, मध्ये बर्फ पुन्हा सपाट करण्याची विश्रांती. सरळ दीड-पावणेदोन तास गेले. हा वेळ कोणत्या शर्यतीतून काढायचा, तेही आपण सांगायला हवे.

बाणेरचा प्रवासी:

नोकरीनिमित्त मी चार हिवाळे नेदरलँड्समध्ये काढले आणि हेरेनवेनच्या थियाल्फ या बर्फाच्या रिंकमध्ये लांब पल्ल्याच्या शर्यती प्रत्यक्ष पाहिल्या. तिथला प्रेक्षक दीड तासाला कंटाळत नाही. तो मांडीवर वही ठेवून प्रत्येक फेरीची वेळ लिहितो, आणि समोरच्या सरळ भागात उभा असलेला प्रशिक्षक फलकावर आकडा दाखवतो तेव्हा आपल्या आकड्याशी ताडून पाहतो. कंटाळा येईल ही भीती वेळापत्रक आखणाऱ्यांची आहे.

वेळनोंद काका, आपण वेळापत्रकाचे कारण देता, पण या खेळातील स्त्रियांना प्रत्येक वेळी असेच कुठले तरी कारण ऐकावे लागले आहे. पुरुषांच्या ५,००० आणि १०,००० मीटरच्या शर्यती १९२४ च्या शामोनी ऑलिम्पिकपासून आहेत. स्त्रियांना पदकाच्या शर्यती मिळाल्या त्या १९६० मध्ये, आणि ५,००० मीटरसाठी १९८८ उजाडावे लागले. पुढे २०१८ मध्ये मास स्टार्ट, म्हणजे सगळे एकत्र सुटतात ती शर्यत, आली तेव्हा मात्र पुरुष आणि महिला दोघांनाही १६ फेऱ्याच ठेवल्या, म्हणजे ६,४०० मीटर, आणि काहीही बिघडले नाही. जलतरणात महिलांची १,५०० मीटर फ्रीस्टाइल टोकियोत आली. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये तर २०२२-२३ च्या हंगामापासून विश्वचषकातील अंतरेच समान झाली.

चाकांवर कमावलेला दम बर्फावर उपयोगी पडत नाही, हेही मला मान्य नाही. बीजिंगच्या ऑलिम्पिकमध्ये २०२२ साली ३,००० मीटर, ५,००० मीटर आणि मास स्टार्ट अशी तीन सुवर्णे जिंकणारी इरेन स्खाउटेन चाकांवरच्या शर्यतींतही तयार झालेली होती.

कात्रजकर:

४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक अख्ख्या भारतात नाही. आपल्या पुण्याची श्रुती कोतवाल चाकांवरून बर्फावर गेली, तिला सरावासाठी परदेश गाठावा लागला. आधी ट्रॅक मागा, मग अंतर.

रिंकवरची आई:

कात्रजकर, ट्रॅक हवाच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ट्रॅक झाल्यावर त्यावर मुलींनी कोणत्या शर्यतीची तयारी करायची, हे हंगामाचे वेळापत्रकच ठरवते. जी शर्यत कुठेच होत नाही, तिच्यासाठी कोणता प्रशिक्षक मुलीकडून २५ फेऱ्या काढून घेईल?

वेळनोंद काका, घोळका आणि घड्याळ यांतला फरक आपण नेमका दाखवलात, तो मी मान्य करते. पण व्हँकुव्हरचे आपले आकडे मी वेगळे वाचते. ३,००० मीटरमध्ये दोन सेकंद मागे पडलेली बेकर्ट ५,००० मध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत येते, याचा अर्थ अंतर वाढले की तिच्यासारख्या, वेग जरा कमी पण दम मोठा असलेल्या खेळाडूला संधी मिळते. त्या दोघी २५ फेऱ्यांसाठी उतरल्या असत्या तर कोण जिंकले असते? हे आज कोणीच सांगू शकत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. नियम एकट्या साब्लिकोवासाठी नको, हे ठीक. तो बेकर्टसाठी करा.

वेळ कुठून काढायचा, तेही सांगते. हंगामातील एका टप्प्यावरची ३,००० मीटरची शर्यत वगळावी, तिच्या जागी १०,००० मीटर ठेवावी आणि फक्त पहिल्या आठ जणींना प्रवेश द्यावा. चार जोड्या, तासाभराचे काम.

वेळनोंद:

आठ जणींची मर्यादा घातल्याने वेळापत्रकाबाबतचा माझा आक्षेप बराचसा मिटतो, हे प्रांजळपणे लिहितो. मात्र नवव्या क्रमांकावरच्या मुलीची ३,००० मीटरची एक शर्यत आपण काढून घेत आहात आणि तिला बदल्यात काहीच देत नाही; तिचे त्या टप्प्याचे गुण गेले. म्हणून पहिले दोन हंगाम ही शर्यत करंडकाच्या गुणांबाहेर ठेवावी आणि ३,००० मीटर आहे तशी राहू द्यावी, एवढी दुरुस्ती सुचवतो.

रिंकवरची आई:

नवव्या मुलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तिच्यासाठी त्या टप्प्यावर ३,००० मीटर राहू द्यावी आणि पहिल्या आठ जणींनी दोहोंपैकी एक शर्यत निवडावी, एवढा बदल मी करते. गुणांबाहेर ठेवण्याला मात्र माझा विरोध आहे. गुण नसतील तर करंडकाच्या शर्यतीत असलेली कोणतीही खेळाडू पुढच्या आठवड्याचे पाय सांभाळून बाहेर बसेल, दोन हंगामांनी सहभाग कमी असल्याचे आकडे पुढे केले जातील आणि त्याच आकड्यांवर ही शर्यत बंद होईल. गुण पहिल्याच हंगामापासून हवेत.