पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करताय? व्होल्टेजला हात लावू नका

धागालेखक:
'प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, जळणार तर नाही ना?' असं एका नवख्याने परवा विचारलं आणि बहुतेकांनी त्याला 'नाद सोड' म्हणून वाटेला लावलं. मला ते अजिबात पटलेलं नाही.

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. हा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झचा बेस क्लॉक (मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (गुणक). मल्टिप्लायर ४६ असेल तर वेग ४.६ गिगाहर्ट्‌झ. तो ४७ केल्याने चिप जळत नाही. झेपलं नाही तर मशीन अडकतं किंवा सुरूच होत नाही. मग सीमॉस (सेटिंग्ज जपून ठेवणारी मेमरी) क्लिअर करायचं, की बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्ज, पुन्हा मूळ पदावर. चिप मरते ती व्होल्टेजने. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२० व्होल्टचं १.३५ केलंत की वेग तोच ठेवूनही ती सव्वापटीच्या वर जाते.

म्हणून मल्टिप्लायर एकेकाने चढवा, दर वेळी अर्धा तास ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी टेस्ट) चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत बसा. ९० अंशांच्या वर जायला लागलं की एक पायरी खाली या. (इंटेलचा असेल तर नावात 'के' आणि मदरबोर्डवर झेड मालिकेचा चिपसेट आहे ना, हे आधी तपासा.)

प्रतिसाद १:
एक मोठी गोष्ट राहिली. तुम्ही व्होल्टेजला हात लावला नाहीत तरी 'ऑटो'वर असलेला मदरबोर्ड ते आपणहून चढवतो, आणि बरेचदा गरजेपेक्षा जास्त. नवखा 'मी काहीच केलं नाही' म्हणून निर्धास्त राहील. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताच जास्तीच्या व्होल्टेजने बिघडत होते. कंपनीला मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

शिवाय हाती काय लागतं? १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, बस (तेव्हाचा मूळ ठोका) ६६ वरून १०० केली की थेट ४५० वर पळायचा. दीडपट! आजची चिप जेवढं पळता येईल तेवढं टर्बोत (आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीत) स्वतःच पळते. राहिलेल्या चार-पाच टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रतिसाद २:
माझाही विरोधच, पण कारण वेगळं. अर्धा तास टेस्ट म्हणजे काहीच नाही. मी फक्त २०० मेगाहर्ट्‌झ वाढवले होते. टेस्ट पास, गेम दोन आठवडे व्यवस्थित. मग जुन्या फोटोंची झिप उघडायला गेलो तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडलेली. त्या दोन आठवड्यांत बनवलेल्या सातपैकी तीन झिप खराब निघाल्या आणि मूळ फोटो मी पुसून टाकले होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ'च्या (WHEA, हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी रांगेने पडलेल्या होत्या, मी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. चिप जळली असती तर निदान कळलं तरी असतं.

धागालेखक:
'ऑटो'चा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी लिहायला हवा होता. व्होल्टेज मूळ आकड्यावर बांधून ठेवा आणि मगच मल्टिप्लायरला हात लावा. फोटोंचं वाचून वाईट वाटलं. आधी बॅकअप, टेस्ट रात्रभर, आणि 'व्हीआ'ची एक जरी नोंद दिसली तरी माघार.

पण 'कशाला' हे मात्र मानत नाही. बायोसमधलं पान न पान मी या नादापायी शिकलो. आता कुणाचं मशीन तापून मंद झालं तर कुठे बघायचं हे मला कळतं.

प्रतिसाद ३:
शिकायचंच असेल तर उलट्या बाजूने सुरुवात करा की. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करणारी बायोसमधली सेटिंग) वजा १० वर ठेवा. व्होल्टेज उतरतं, चिप गार राहते आणि त्या मोकळ्या जागेत बूस्ट (टर्बोचा वेग) आपोआप वर जातो. तपासणी मात्र तितकीच कडक हवी. यात अस्थिरपणा कामाच्या भाराखाली नाही, तर मशीन रिकामं असताना उघडा पडतो. माझं वजा २५ वर रात्रभराच्या टेस्टमधून सुटलं आणि सकाळी नुसतं डेस्कटॉप समोर असताना रीस्टार्ट झालं.

प्रतिसाद २:
हे करून बघेन. बॅकअप घेऊन.