मेकॅनिकलनंतर जर्मनीत 'विर्टशाफ्ट्सइंजिनिअर' व्हावं का?

सांगलीकर:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल झालंय, चाकणला गिअरच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. मशीन का थांबलं ते कळतं, पण त्या थांबण्याची किंमत मांडता येत नाही. तेच शिकायचंय. निव्वळ एमबीए नको, इंजिनिअरिंग सोडवत नाही. जर्मनीतल्या 'विर्टशाफ्ट्सइंजिनिअर'च्या, म्हणजे इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवणाऱ्या जोड पदवीसाठी बाबांनी कर्ज काढावं का?

नेकारकाठची:
मी कार्ल्सरूहेला हेच शिकले, आता श्टुटगार्टजवळ खरेदी विभागात आहे. पुरवठादाराचं कोटेशन आलं की माल, मशीनचा वेळ, सेटअप (कामाआधी मशीन जुळवून घेणं) असं सुटं करून बघते. सेटअपला इतका वेळ का, हे विचारायला लेथ कळावं लागतं आणि हिशेबही. मला हे काम मनापासून आवडतं.
फीचं मात्र नीट बघ. कार्ल्सरूहे ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. दुसऱ्या राज्यातल्या आखेनच्या सरकारी विद्यापीठात ही फी नाही. मास्टर्सला अर्थशास्त्राचे क्रेडिट (आधीच्या पदवीत त्या विषयाचा ठरावीक अभ्यास) मागतात, नुसत्या मेकॅनिकलवाल्याचा अर्ज तिथेच अडतो.

पुणे३८:
एपीएस प्रमाणपत्र (भारतातली पदवी-कागदपत्रं तपासल्याचं) आधी काढ, त्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते त्या खात्याला, वर्षाचे ११,९०४ युरो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

सांगलीकर:
ताई, इंग्रजीवर भागेल?

नेकारकाठची:
वर्गात कदाचित भागेल. शॉपफ्लोअरवर अजिबात नाही. कर्जाआधी बी-२ (बऱ्यापैकी सहज बोलता येण्याची पातळी) पर्यंत जर्मन कर, आजपासूनच.