मदत हवी आहे: मुलाला शाळेत स्वतःच्या ऑटिझमबद्दल स्वतःच बोलायचंय

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, जुळे सोलापूर भागात राहतो. मुलगा सातवीत, मराठी माध्यमाच्या नेहमीच्या शाळेत. पाच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं.

२ एप्रिलचा ऑटिझम दिवस जगभर २००८ पासून पाळतात, आमच्या शाळेत यंदा पहिल्यांदाच होतोय. श्रेय वर्गाच्या बाईंचं. त्यांचा बेत असा: परिपाठाला मुलांनी निळे कपडे घालायचे, मी पाच मिनिटं बोलायचं, मुलाने माझ्याशेजारी उभं राहायचं. घरी सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "माझ्याबद्दल आहे ना? मग मी सांगतो. तू नको." दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर हे सापडलं. त्याला विचारूनच इथे देतेय:

"घंटा वाजली की माझे कान दुखतात. मी कान झाकतो तेव्हा मी तुमच्यावर रागावलेलो नसतो. मला हात लावायच्या आधी विचारा. मी डोळ्यांत बघत नाही पण ऐकतो. सिद्धेश्वरांच्या सातही नंदीध्वजांचा क्रम मला पाठ आहे. विचारलंत तर सांगेन."

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. (नंदीध्वज म्हणजे आमच्याकडे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत, मिरवणुकीने नेतात त्या उंच काठ्या.)

मला भरून आलं. इतकी वर्षं डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षक, सगळ्यांना त्याच्याबद्दल मीच सांगत आले.

अडचण अशी की दडपण आलं की त्याचे शब्द अडकतात, कधी कधी अर्धा तास बोलताच येत नाही. त्यात माईक कर्कश वाजला तर संपलंच. शिवाय शाळाभर मुलांच्या टाळ्या! बाई म्हणतात, "नको हो ताई, मुलं चिडवतील." भीती मलाही आहे. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीत तो कान धरून खाली बसला होता, तेव्हा लोक काय काय बोलले ते मी विसरलेले नाही. पण त्याला गप्प बसवून मी त्याला सांभाळतेय, असं आता वाटत नाही.

कुणी शाळेत असं सांगितलंय का? शब्द अडकले तर काय सोय ठेवलीत? आणि बाईंना न दुखवता कसं बोलू? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, ठाऊक आहे. पण कायदा पुढे करून सुरुवात करायची नाहीये, बाई मनाने चांगल्या आहेत.

प्रतिसाद:
मी स्वतः ऑटिस्टिक, आता इंजिनिअरिंगला. दहावीत वर्गात सांगितलं होतं. काकू, आधी फक्त त्याच्या वर्गात करा, माईक नको. घरी त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, अडकला तर नुसतं बटण दाबेल. तेही त्याचंच बोलणं. टाळ्यांऐवजी कर्णबधिर मंडळी हलवतात तसे दोन्ही हात वर करून हलवायला मुलांना शिकवा. आणि त्या दिवशी सकाळी नको वाटलं तर नाही म्हणायची मुभा हवीच. हे सगळं त्याला विचारलंत का?

धागाकर्ती:
नव्हतं विचारलं. आत्ता वाचून दाखवलं. वर्गात चालेल म्हणाला, रेकॉर्डिंगही. हात हलवणं फार आवडलं, लगेच करून दाखवलं. निळा शर्ट मात्र नको, टोचतो म्हणे. हे मला माहीतच नव्हतं. सोमवारी बाईंकडे आम्ही दोघं जाणार. काय बोलायचं ते आत्ता वही काढून लिहितोय.