डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) गूगलचा ८.८.८.८ टाकला तरी उत्तर केबलवाल्याचंच येतंय, काय करू?

कंदी_पेढा:
मंडळी जरा डोकं लावा. पुण्यात रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस) आणि अनबाउंड (साइटचे पत्ते स्वतः शोधणारा डीएनएस सर्व्हर) दोन वर्षं मस्त चाललं होतं, तोच डबा उचलून साताऱ्याला घरी आणला, इथे गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर आहे, आणि लावल्यापासून एक साइट धड उघडत नाही, लॉगमध्ये नुसतं सर्व्हफेल सर्व्हफेल (म्हणजे डीएनएसला उत्तर देता आलं नाही). वैतागून रास्पबेरी पाय बाजूला काढला, लॅपटॉपला सरळ ८.८.८.८ टाकला तर नेट सुरू, पण पत्त्याचं स्पेलिंग चुकलं की ह्यांचंच जाहिरातींचं पान येतं. गूगलचा डीएनएस टाकल्यावर ह्यांचं पान येतंच कसं? फोन केला तर म्हणे राउटर बंद करून चालू करा. केला. आईची सिरियल तेवढी बुडाली.

जुनी_वायर:
१९२.०.२.१ ह्या पत्त्यावर जगात कुणाचाच सर्व्हर नाही, तो फक्त उदाहरणात लिहायला राखून ठेवलाय. एनएसलुकअपला (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) कुठल्याही साइटचं नाव दे आणि पुढे हा पत्ता. टाइमआउट आला तर ठीक, उत्तर आलं तर मधे कुणीतरी बसलंय. आणि राउटर त्यांनीच दिलेला असेल तर आधी तो बदलून बघ, कधीकधी भानगड तिथेच असते.

कंदी_पेढा:
आलं की राव उत्तर! पुण्याचा जुना राउटर लावून पण बघितलं, तेच.

जुनी_वायर:
मग लाइनवरच आहे. पोर्ट ५३ वरून (साध्या डीएनएसचा ठरलेला दरवाजा) जाणारं सगळं उचलून स्वतःच्या सर्व्हरला देतात आणि उत्तर परत पाठवताना वर ८.८.८.८ चंच नाव घालतात, साधं डीएनएस उघडं असतं त्यामुळे लॅपटॉपला पत्ताच लागत नाही. आता तुझा अनबाउंड का मेला, तर तो गूगलबिगलला विचारत नाही, स्वतः रूट सर्व्हरपासून (डीएनएसमधली सगळ्यात वरची पायरी) एकेक पायरी उतरत जातो, आणि इथे रूटला विचारलं तरी बोलतोय केबलवाला. वर डीएनएसएसईसी (उत्तरावरची डिजिटल सही तपासणं) चालू असणार तुझं, सह्या जुळत नाहीत, उत्तर फेकून देतो. कुणीतरी सांगेल ते बंद कर म्हणून, अजिबात करू नको, कुत्रा भुंकतो म्हणून कुत्र्यालाच हाकलण्यातला प्रकार.

रात्रपाळी:
अनबाउंडला आता पायऱ्या उतरायला लावू नको, सगळं टीएलएसमधून (म्हणजे कुलूपबंद करून) पोर्ट ८५३ ने बाहेर पाठव. अनबाउंडच्या सेटिंगमध्ये फॉरवर्ड-झोनचं नाव नुसतं टिंब, फॉरवर्ड-टीएलएस-अपस्ट्रीम येस, पत्ता ९.९.९.९ (क्वाड९ संस्थेचा डीएनएस), त्याला चिकटून ॲट (@) ८५३ आणि मग हॅश (#) लावून डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट. हा हॅशवाला भाग लोक हमखास विसरतात, मी पण विसरलो होतो, तो नसला तर सर्टिफिकेट कुणाचं आहे हे अनबाउंड तपासतच नाही, म्हणजे एवढं करून मधला माणूस परत आत. सर्टिफिकेट बंडलचा पाथ पण द्यायचा. ८५३ अडवला असेल तर डीएनएसक्रिप्ट-प्रॉक्सी टाकून डीओएच (एचटीटीपीएसमधून जाणारं डीएनएस) वापर, ते ४४३ वरून बाकीच्या एचटीटीपीएसमध्ये मिसळून जातं.
ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरमध्ये टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) करणाऱ्यांसाठी: बऱ्याच राउटरला बॅटरीचं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आली की तारीख मागे, म्हणून सर्टिफिकेट चालत नाही, म्हणून डीएनएस नाही, आणि डीएनएस नाही म्हणून टाइम सर्व्हर सापडत नाही. एक अख्खी रात्र गेली माझी ह्यात. एनटीपीला (नेटवरून वेळ लावणारी सेवा) नावाऐवजी सरळ आयपी द्या, गूगलच्या टाइम सर्व्हरचा २१६.२३९.३५.० चालतो.

चष्मा_पुसा:
करा, पण ह्याने सगळं लपतं असं समजू नका. एचटीटीपीएस सुरू होताना बहुतेक साइटचं नाव एसएनआयमध्ये (जोडणीच्या पहिल्या निरोपातला साइटच्या नावाचा भाग) उघडंच जातं, साइट तिथे बघून ब्लॉक केली असेल तर डीएनएस कितीही बदला, मग व्हीपीएनच (सगळं ट्रॅफिक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमधून नेणारी सेवा). आणि तुम्ही उघडलेल्या साइटची यादी केबलवाल्याऐवजी क्वाड९ ह्या स्वित्झर्लंडच्या संस्थेकडे जाणार एवढाच फरक. मला चालतं, तुमचं तुम्ही बघा.

कंदी_पेढा:
८५३ उघडा निघाला!! हॅशसकट टाकलं, सर्व्हफेल गेले, चुकीचा पत्ता टाकला की आता गुपचूप "सापडत नाही" येतं. आईच्या फोनला काय करू, ती मोबाइल डेटावर पण असते.

रात्रपाळी:
अँड्रॉइड ९ किंवा पुढचा असेल तर सेटिंगमधल्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये तेच डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट नाव टाक. "ऑटोमॅटिक"वर ठेवू नको, तिथे जमलं नाही की न सांगता साध्या डीएनएसवर येतो. फक्त लॉजच्या वायफायवर लॉगिनचं पान अडकलं तर तेवढ्यापुरतं बंद करायचं, हे काकूंना आधीच सांगून ठेव नाहीतर रात्री तुलाच फोन.